उठखूण

वस्तुसंग्रहालयाच्या दारावर आकडा चढवायचं काम चाललं होतं आणि ट्रेसरकाका समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघत होते. पितळेचा आकडा, गळासारखा वाकडा, दोन पुरुष उंचीचा, क्रेनला लटकलेला. खालचा मुकादम ओरडत होता, "अरे सरळ धर, तिरका होतोय तो!" काकांना राहवेना. "तिरकाच आहे तो," ते इकडून म्हणाले. "उजवीकडे कललेला. घाईत काढलाय." मुकादमानं एकदा मान वळवून पाहिलं आणि असले म्हातारे रोज भेटतात अशा चेहऱ्यानं परत कामाला लागला.

हा आकडा म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. संग्रहालय आहे त्या गावापासून काही कोसांवर, नदीच्या खोऱ्यात, एक शहर होतं. हजारो वर्षांपूर्वी तिथे माणसं राहिली, त्यांनी भिंती बांधल्या, आणि एक दिवस ती कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. मागे एक भिंत राहिली, तिच्यावर कोरलेला मजकूर राहिला. ती लिपी आजवर कुणाला वाचता आलेली नाही. आता ती भिंतही नाही, धरणाच्या पाण्याखाली आहे. उरली आहे ती फक्त कागदावरची नक्कल. त्या नकलेत सतरा ओळी आहेत, आणि सतराव्या ओळीच्या मध्यावर मजकूर एकदम तुटतो. शेवटच्या अक्षराखाली एक बारीकसा आकडा आहे. अख्ख्या मजकुरात तसली खूण दुसरीकडे कुठेही नाही.

झालं! जगाला आणखी काय हवं? लिहिता लिहिता हात का थांबला? शत्रू आला म्हणावं, तर साथ आली म्हणणारे उठले. भूकंप म्हणणारे आले. एका जाड्या पुस्तकवाल्यानं तर आकाशातून कुणी येऊन सगळ्यांना घेऊन गेलं असं चारशे पानं लिहिलं, आणि त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. तो आकडा पिशव्यांवर आला, कपांवर आला, शाळेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला. 'मौनाची खूण' असं त्याचं नाव पडलं. दुरून दुरून माणसं येतात, अर्धवट ओळीपुढे उभी राहतात आणि डोळे पुसतात.

आणि खरं काय होतं? खरं एवढंच होतं, की ट्रेसरकाका उठले होते.

ट्रेसर म्हणजे मूळ समोर ठेवून जसंच्या तसं कागदावर उतरवणारा माणूस. उत्खनन खात्यात तेव्हा तीन ट्रेसर होते, आणि त्यांना शिकवणारा एक वस्ताद. वस्तादाची जीभ भारी फटकळ. पहिल्याच दिवशी त्यानं या विशीतल्या पोराला सांगितलं होतं, "वाचता येतं ते लिहिताना माणूस चुकत नाही, शब्द धरून पुढे जातो. आपण उतरवतो ते कुणाच्या बापालाही वाचता येत नाही. मध्ये चहाला गेलास आणि परत आलास, की सगळी अक्षरं सारखीच दिसणार. तेव्हा ढुंगण उचलायच्या आधी अक्षराखाली खूण कर. बसलास, की पहिलं काम खोडरबर." या खुणेला ते लोक उठखूण म्हणायचे. प्रत्येकाची वेगळी. एकाची फुली, एकाचा ठिपका, काकांचा आकडा. दिवसातून दहादा करायची, दहादा पुसायची. त्यात गूढ ते काय असणार!

धरणाचं पाणी यायला दोन दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. अक्षरं इतकी झिजलेली, की फोटोत नुसता दगड दिसायचा. बोटानं चाचपून, दिवा आडवा धरून एकेक रेघ उतरवायची. एका ओळीला अर्धा तास धरा. बाकीचे दोघे ट्रेसर दुसऱ्या खोदकामावर गेले होते. ही भिंत एकट्या काकांची, आणि काकांना त्याचा केवढा अभिमान! भिंतीवर ओळी होत्या एकवीस. हो, एकवीस. सतरा नव्हे.

त्या दिवशी सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "आज नाही गेलात तर नाही का चालणार? पोटात फार दुखतंय." मुलगी एक वर्षाची, बायकोच्या कडेवर. काका चपला घालत म्हणाले, "पाणी थांबणार आहे का माझ्यासाठी? बहिणीला बोलाव की." आणि गेले. खात्याच्या वसाहतीपासून खोदकामाची जागा अर्ध्या तासावर, रस्ता खडबडीत, आणि सगळ्या वसाहतीत गाडी म्हणाल तर एकच, खात्याची जीप. ती असायची खोदकामावर.

दुपारी जीपचा ड्रायव्हर धावत आला. "घरून ऑफिसात फोन आलाय. वहिनींना जास्त झालंय, लवकर चला." काका म्हणाले, "हो, आलोच. एवढी ओळ होऊ दे."

आता माणसानं काय म्हणावं याला? ते दुष्ट नव्हते. बायकोवर हात उगारणारे, दारू पिऊन येणारे, तसले तर मुळीच नव्हते. पण हात लागला होता. ज्यांनी हातानं काम केलंय त्यांना हे कळेल. हात एकदा लागला की सुटत नाही. त्यात भिंत अशी, की उद्या परवा जगातून जाणार. बायको काय, संध्याकाळी आहेच. असं काही त्यांनी मनात म्हटलंसुद्धा नाही, पण म्हणायची गरजच काय? बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. काका ओळ उतरवत राहिले. ती झाली, मग पुढची धरली. मग त्या पुढची.

शेवटी साहेब आले. तेव्हा ते साहेब म्हणजे पस्तिशीचा, नुकता बढती मिळालेला खोदकामाचा अधिकारी. शहरातल्या बैठकीला बसनं गेला होता, बसनंच परतला. उभी जीप बघितली, ड्रायव्हरकडून ऐकलं आणि थेट भिंतीशी येऊन ओरडला, "अहो, माणूस आहात की कोण? उठा!" काका उठले. उठताना हातानं सवयीनं खूण केली. सतराव्या ओळीत, मध्यावर.

साहेबही जीपमध्ये बसले. घरी पोहोचले तेव्हा बायकोला जाऊन वीस मिनिटं झाली होती. पोटात रक्तस्राव झाला होता. तासभर आधी दवाखान्यात आणली असती तर हातात काही असतं, असं डॉक्टर म्हणाला. दारात मेहुणी उभी, खांद्यावर झोपलेली पोर. तिनं विचारलं, "गाडी मिळाली नाही का हो?" बिचारीनं उत्तरच हातात दिलं. काका म्हणाले, "नाही मिळाली." साहेब मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि खाली बघितलं.

त्याच रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला म्हणून धरणाचे दरवाजे दोन दिवस आधीच बंद केले. भिंत पाण्यात गेली. उरलेल्या चार ओळी तिच्याबरोबर गेल्या.

पुढचं खात्याच्या रीतीनं झालं. पेन्सिलीचा कागद मुख्य कचेरीत गेला. तिथल्या शाई भरणाऱ्यानं इमानेइतबारे सगळं गिरवलं, आकडाही गिरवला. त्याला काय माहीत कोणतं अक्षर आणि कोणती उठखूण! कागद सहीसाठी परत आला. तळाशी छापलेलं असायचं, 'मुळाबरहुकूम, पूर्ण'. साहेब म्हणाले, "अपूर्ण लिहिलंत तर का अपूर्ण ते लिहावं लागेल. मलाही लिहावं लागेल. तुम्हाला एवढीशी पोर आहे. सही करा." काकांनी केली. खाली सही, वर खोटं, आणि सतराव्या ओळीत स्वतःच्या हातचा आकडा.

सहा वर्षांनी साहेबांनी 'अर्धवट ओळ' म्हणून निबंध लिहिला आणि त्यांचं नशीब उघडलं. सुरुवातीला त्यांनाही वाटलं असेल, दोनचार जण वाचतील आणि विसरतील. जग विसरलं नाही, त्याला ते काय करणार?

मुलीला मावशीनं वाढवलं. मावशी सांगायची, "तुझा बाप धावत आला ग, पण गाडीच मिळेना. तो साहेब जीप घेऊन गेला होता मिरवायला. वीस मिनिटांनी चुकामूक झाली." मुलगी त्या वीस मिनिटांवरच मोठी झाली. रस्ता चांगला असता तर. साहेब लवकर आला असता तर. पुढे ती त्याच संग्रहालयात माहिती सांगणारी म्हणून लागली, आता एकेचाळीस वर्षांची आहे. पण साहेब कधी आले तर ती समोर उभी राहायची नाही, साधं हसायचीसुद्धा नाही. लोक म्हणायचे, बाई मानी आहे. काका ऐकायचे आणि गप्प बसायचे.

या सगळ्यात काकांजवळ एकच गोष्ट शिल्लक होती. उठायच्या आधी त्यांची नजर पुढच्या अक्षरावर गेली होती. दोन कानांच्या घागरीसारखं ते अक्षर, आत एक आडवी रेघ. अठरावी, एकोणिसावी, सगळं पुसलं गेलं होतं, पण हे एक अक्षर चाळीस वर्षं डोळ्यांपुढून हललं नव्हतं. अख्ख्या जगात ते त्यांना एकट्यालाच माहीत. आणि एकाहत्तरीत त्यांना वाटायला लागलं, की मरायच्या आधी हे सांगून मोकळं व्हावं. खोटी सही पुसता येत नाही, निदान खोडरबर तरी फिरवावं.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आठ दिवस उरले तेव्हा साहेब स्वतः घरी आले. हातात काठी, कानात यंत्र. मुलगी कामावर गेलेली.

"ट्रेसर, तुम्हाला व्यासपीठावर बसायचंय," साहेब म्हणाले. "ती भिंत बघितलेले आपण दोघंच उरलो."

"बसतो. पण मी सांगणार आहे. चार ओळी होत्या."

साहेबांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. "सांगा ना. मी अडवतोय का? या वयात माझं काय जायचंय, फार तर दारावरचा आकडा. पण लोक विचारतील, का उठलात. आणि केव्हा उठलात."

काका बशीतला चमचा सरळ करत बसले.

"तुमच्या घरात जीपवरून मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्या. तुमची मुलगी मला बघून तोंड फिरवते. एकदा तरी बोललो का मी? नाही बोललो. मग तुम्हीही नका बोलू." ते काठी टेकत उठले, आणि दारात थांबून म्हणाले, "चहा छान होता."

चार दिवस काकांना अन्न गोड लागेना. मग त्यांनी ठरवलं, आधी मुलीला सांगायचं. ओळींचं सांगायचं. निरोप आला म्हणून उठलो, एवढंच. त्यात खोटं काही नाही, आणि सगळं खरं सांगायला आपल्याला कुणी शपथ घातलेली नाही. हा त्यांचा हिशेब.

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. त्या सोमवारी मुलगी मांडणी तपासायला जाणार होती, काका म्हणाले मीही येतो. नव्या दालनात भिंतीची प्रतिकृती उभी केली होती, प्लॅस्टरची, मुळापेक्षा दुप्पट मोठी. समोर दोरी, वर दिवे. मुलीनं दिवे लावले. काका काठी टेकत दोरीपाशी गेले आणि म्हणाले, "बाळा, हे इथे संपत नाही."

"काय संपत नाही?"

"मजकूर. ही ओळ पुढे होती, आणि खाली आणखी चार. हा आकडा म्हणजे अक्षर नाही. उठखूण आहे माझी." आणि वस्ताद, खोडरबर, शाई भरणारा, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं.

मुलगी आधी हसली. मग तिचं हसू थांबलं आणि डोळे चमकायला लागले. काकांना वाटलं होतं ती चिडेल, रडेल, नोकरीचं काय म्हणेल. तसलं काही नाही. "बाबा! चार ओळी? अहो, मग ती माणसं लिहिता लिहिता पळाली नाहीत! त्यांनी पूर्ण केलं होतं!" ती दोरी ओलांडून भिंतीला जाऊन भिडली, लहान पोरीसारखी. "वीस वर्षं मी लोकांना खोटं सांगतेय आणि तुम्ही घरात बसून चहा पिताय! धन्य आहे तुमची. मग का राहिल्या त्या ओळी?"

"निरोप आला," काका म्हणाले.

ती वळली. "आईचा?"

"हो."

ती जवळ आली आणि तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "मग बरोबर केलंत," ती हळूच म्हणाली. "गेल्या तर गेल्या ओळी. मी असते तर मीही उठले असते. सांगा उद्घाटनाला, मी तुमच्या बाजूला उभी राहीन."

काय हवं होतं आणखी? देव काय, दैव काय, जे कुणी असेल त्यानं सगळं ताटात वाढून ठेवलं होतं. तिथेच थांबायचं आणि घरी जायचं. पण मुलगी माहिती सांगणारी, तिला सगळं नेमकं लागतं. तिनं सहज विचारलं, "म्हणजे या अक्षराशी होतात आणि ड्रायव्हर आला? दाखवा ना नेमकं कुठे. मला डोळ्यांपुढे आणायचंय."

आणि काकांचा हात वर गेला. त्यांनी नेला नाही, गेला. आयुष्यभर जे जिथे आहे ते तिथेच दाखवणारा हात तो. चुकीच्या जागी बोट ठेवणं त्याला जमेना. काठीचं टोक सतराव्या ओळीवरून सरकलं, सोळावीवरून, पंधरावीवरून, आणि चौदाव्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर जाऊन टेकलं.

"इथे," काका म्हणाले. म्हटल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते.

मुलगी त्या टोकाकडे बघत राहिली. मग तिनं बोटानं ओळी मोजल्या. "चौदा. पंधरा. सोळा. आणि ही अर्धी." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "एका ओळीला अर्धा तास. तुम्हीच सांगितलं होतंत मला, नोकरी लागली तेव्हा. वीस वर्षं रोज सांगतेय मी लोकांना, एका ओळीला अर्धा तास." तिनं बोट खाली घेतलं. "पावणेदोन तास, बाबा."

"मला वाटलं नेहमीचंच दुखणं असेल."

"आणि जीप? जीप नव्हती ना. जीप साहेबाकडे होती."

काकांनी काठी खाली घेतली.

"बाबा, जीप कुठे होती?"

"बाहेर," काका म्हणाले. "उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. साहेब बसनं गेले होते."

काकांना वाटलं मुलगी आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन थपडा मारल्या असत्या तरी चाललं असतं. ती फक्त म्हणाली, "मी त्या माणसाला चाळीस वर्षं शिव्या दिल्या." मग भिंतीजवळ जाऊन तिनं दिवे एकेक करत बंद केले. "चला. कुलूप लावायचंय."

काका खिशातून कागद काढायला लागले. पातळ ट्रेसिंगचा कागद, त्यावर दोन कानांची घागर, सकाळीच काढलेली. "पुढचं अक्षर मला आठवतं, बाळा. हे बघ, फक्त मलाच..."

"चला म्हटलं ना," ती म्हणाली.

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी मरणाची. काका व्यासपीठावर टोकाच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. मुलीनंच इस्त्री केली होती, न बोलता. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते ध्वनिक्षेपकापाशी गेले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे सगळं सोपं झालं होतं.

"तो आकडा माझा आहे," ते म्हणाले. "ती माणसं थांबली नव्हती. मी थांबलो होतो. पुढे चार ओळी होत्या. मी पूर्ण म्हणून सही केली, ती खोटी."

मग टाळ्या पडल्या. अहो, काय टाळ्या! पहिल्या रांगेतली बाई रुमाल डोळ्यांना लावून बसली. साहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. वाक्यं पाठ असल्यासारखी आली. "बघा, असा माणूस आता होणे नाही. चाळीस वर्षं ती ओळ जगला, आणि इतका एकरूप झाला, की त्या अनाम लेखकाचं थांबणं त्याला स्वतःचं वाटतं." पुन्हा टाळ्या. काका म्हणाले, "अहो, नाही, मी खरंच..." पण तोवर ध्वनिक्षेपक पुढच्या पाहुण्याकडे गेला होता, आणि कुणीतरी त्यांना हळूच धरून खुर्चीत बसवलं.

नंतर सगळे पाहुणे दालनात शिरले. मुलगी दोरीजवळ उभी होती, गणवेशात, हातात दाखवायची काठी. साहेब आत आले तेव्हा ती पुढे झाली आणि तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग गर्दीत काकांना शोधलं, आणि सगळं समजल्यासारखी मान खाली घातली.

ती बोलायला लागली. शहर, नदी, लिपी, धरण, सगळं रोजच्यासारखं, रोजच्याच सुरात. काका मागे भिंतीला टेकून ऐकत होते. सतराव्या ओळीशी ती आली. इथलं वाक्य ठरलेलं होतं, माहितीपत्रकात छापलेलं, 'इथे हात थांबला, का थांबला ते कुणालाच माहीत नाही.'

"इथे हात थांबला," मुलगी म्हणाली. "का थांबला, हे सगळे विचारतात. मी म्हणते, ते विचारू नका. थांबायला हवा होता तेव्हा का नाही थांबला, ते विचारा." आणि तिनं काठीचं टोक वर नेऊन चौदाव्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं. आवाज जराही हलला नाही. तिची नजर सगळ्या डोक्यांवरून थेट मागच्या भिंतीशी आली होती.

एका पाहुण्यानं विचारलं, "तिथे काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "तिथे कसलीच खूण केलेली नाही."

लोकांच्या अंगावर काटा आला म्हणतात. दोघातिघांनी वाक्य वहीत उतरवून घेतलं. नवे संचालक तिला बाजूला घेऊन म्हणाले, "काय बोललात हो! हे वाक्य कायम ठेवा."

"ठेवणारच आहे," ती म्हणाली.

घागरीचं अक्षर काकांनी तिच्या टेबलावर ठेवलं होतं. तिनं ते हलवलं नाही, उचललंही नाही. त्यावर आता कपाचा गोल डाग पडला आहे. शेजारपाजारचे संग्रहालय बघून येतात आणि काकांना सांगतात, तुमची मुलगी काय सुंदर सांगते, त्या चौदाव्या ओळीचं तर ऐकत राहावं. काका मान डोलावतात. दिवसाला चार फेऱ्या असतात, म्हणजे ती ते वाक्य दिवसातून चारदा म्हणते. सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी ती घरी असते, वेळच्या वेळी ताट वाढते, कपडे इस्त्री करून ठेवते, आणि दिवसभर एक अक्षर बोलत नाही.